मॉस्किटो घडवताना: दोन मोटरींच्या रेडिओ-नियंत्रित युद्धविमानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मोटरीचे विमान उडवता येते. मग दोन मोटरींचे लगेच बांधायला घ्यावे का?

चार एलरॉनचे, खाली पंख असलेले, शेपटीला चाक असलेले एखादे विमान आपण वाऱ्यातही न घाबरता उतरवत असाल, तर अवश्य घ्यावे. उंच पंखाच्या शिकाऊ विमानावरून थेट इथे उडी मारू नये. दोन मोटरी म्हणजे दुप्पट शक्ती, असा समज घेऊन पुष्कळ जण येतात. प्रत्यक्षात इथे सारा प्रश्न त्या दोन मोटरी सारख्या चालण्याचा असतो. एका मोटरीचे विमान थोड्या कमी शक्तीवरही निमूटपणे उडते. दोन मोटरींचे विमान मात्र डावी आणि उजवी यांच्यात फरक पडला, की लगेच रुसते. पुढील बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यावर येतील.

(वर "चार एलरॉन" असे लिहिले गेले. एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर झुकवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, सहसा दोनच असतात. मला म्हणायचे होते चार चॅनल, म्हणजे रेडिओवरून स्वतंत्रपणे चालवता येणाऱ्या चार गोष्टी. मैदानावरही ही चूक माझ्याकडून होते, म्हणून ती खोडली नाही.)

पहिले दोन मोटरींचे युद्धविमान म्हणून मॉस्किटोच का?

कारण मूळ विमानच लाकडाचे होते. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे हे विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफिल्ड येथून प्रथम उडाले. त्याच्या धडाची भिंत म्हणजे बाहेरून आणि आतून बर्चचे पातळ प्लायवूड आणि मधोमध बाल्साचा थर. आपण छंद म्हणून ज्या लाकडाच्या पट्ट्या कापतो, त्याच लाकडाने युद्धातील एका अत्यंत वेगवान विमानाचे अंग भरले होते. धड उभे चिरल्यासारखे दोन अर्ध्या भागांत साच्यावर बनत असे. केबल आणि नळ्या बऱ्याचशा आधीच आत बसवल्या जात आणि मग दोन्ही अर्धी चिकटवली जात. ही पद्धत प्रतिकृतीसाठीही अतिशय सोयीची आहे.

तांत्रिक कारणेही आहेत. दोन्ही इंजिने धडाच्या बरीच जवळ आहेत, त्यामुळे एक बंद पडले तरी विमान वळवणारा जोर पंखाच्या टोकाकडे इंजिने असलेल्या विमानापेक्षा कमी असतो. इंजिनांची घरे, म्हणजे नॅसेल, मोठी आणि लांब असल्यामुळे मोटर, ईएससी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि चाके यांना पुरेशी जागा मिळते. लढाऊ-बॉम्बर प्रकाराचे, म्हणजे एफबी ६ चे नाक काचेचे नसून भरीव असते. ते बाल्साच्या ठोकळ्यातून तासून काढता येते. बॉम्बर प्रकाराचे पारदर्शक नाक दिसते देखणे, पण पहिल्या बांधणीत त्याच्या वाटेला जाऊ नये.

आकार आणि वजन किती ठेवावे?

मूळ विमानाचा पंखविस्तार १६.५१ मीटर आणि पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मीटर होते. दहास एक या प्रमाणात पंखविस्तार १.६५ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस डेसिमीटर येते. पुढील सर्व आकडे याच आकाराचे आहेत. उडण्यास तयार वजन, बॅटरीसह, ३.२ किलोपर्यंत ठेवण्याचा प्रयत्न करावा. त्या वजनाला पंखावरचा भार सुमारे ७६ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर येतो, जो या आकाराच्या युद्धविमानाला चालतो, परंतु त्यात चुकीला फारशी जागा राहत नाही.

वजन कुठे वाढते, याचा बहुतेकांचा अंदाज चुकतो. मोटरी आणि बॅटरी यांचे वजन आपल्याला आधीच ठाऊक असते. खरी वाढ होते ती शेपटीकडे जास्त लाकूड, जास्त इपॉक्सी आणि रंगाचा आणखी एक हात यांत. शेपटीत वाढलेल्या दर दहा ग्रॅमसाठी नाकात त्याहून कितीतरी अधिक शिसे घालावे लागते, कारण मॉस्किटोचे नाक शेपटीच्या मानाने आखूड आहे.

एक घरगुती मुद्दा. मूळ विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत एकसंध होता. प्रतिकृतीत तो तसा ठेवल्यास मजबूत होतो, पण १.६५ मीटरचा अखंड पंख छोट्या गाडीत मागच्या आसनावर तिरका ठेवावा लागतो आणि बरोबर येणाऱ्याला रिक्षाने यावे लागते. नॅसेलच्या बाहेर जोड ठेवून पंखाची टोके सुटी केली, तर ही अडचण मिटते.

लाकूड आणि गोंद कोणता वापरावा? कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत लाकडी विमान टिकते का?

टिकते, पण या प्रश्नाला इतिहास आहे. १९४४ च्या उत्तरार्धात भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये येथील विमाने तपासणीसाठी जमिनीवर थांबवावी लागली. प्रथम संशय उष्ण आणि दमट हवेवर गेला. तपासणीत मात्र पंखाच्या जोडांमधील चिकटवणीच्या त्रुटीही समोर आल्या. जिथे दोन लाकडे एकमेकांना नीट टेकलीच नव्हती, तिथे गोंद काय करणार? सुरुवातीच्या विमानांत दुधापासून मिळणाऱ्या केसिनचा गोंद होता, जो ओलाव्यापुढे टिकाव धरत नसे. पुढे त्याच्या जागी फॉर्माल्डिहाइडवर आधारित कृत्रिम गोंद आले. उन्हाने लाकूड तापू नये म्हणून पूर्वेकडील विमानांना चंदेरी रंगही दिला गेला.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. जोड कोरडाच बसवून पाहावा, उजेडासमोर धरावा आणि फटीतून उजेड दिसला तर गोंदाने फट भरण्याऐवजी लाकूड पुन्हा घासावे. फासळ्या आणि पट्ट्यांसाठी सुताराचा पांढरा किंवा पिवळा गोंद उत्तम; तो हळू सुकतो, पण नंतर घासता येतो. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एकाच ब्रँडच्या नावाने ओळखतात तो झटपट गोंद, तात्पुरते पकडून ठेवण्यास ठीक आहे, पण तो ठिसूळ असतो. स्पार (पंखाचा आतला मुख्य कणा), मोटरीची भिंत आणि चाकांचे तळ यांना अर्ध्या तासात घट्ट होणारे इपॉक्सीच लावावे. पाच मिनिटांचे इपॉक्सी मैदानावरील दुरुस्तीपुरते ठेवावे.

पावसाळ्यात बाल्साचे पातळ तक्ते वाकतात. तक्ते उभे टेकवून ठेवू नयेत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सपाट, वर वजन देऊन ठेवावेत. जुलैमध्ये पंखाला साल, म्हणजे पातळ तक्त्यांचे आवरण, चढवण्याचे काम काढू नये, असे माझे मत आहे. ते दिवस नाकाचा ठोकळा तासण्यात किंवा वायरिंगमध्ये घालवावेत.

पंख बांधताना सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे?

दोन गोष्टींकडे. पहिली म्हणजे नॅसेलच्या भागातील मजबुती. मोटरीचा ओढा आणि चाकांचा धक्का दोन्ही तिथेच येतात, म्हणून स्प्रूसच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमध्ये उभ्या तंतूंची बाल्साची भिंत घालून स्पारला पेटीचा आकार द्यावा आणि नॅसेलच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्या प्लायच्या कराव्यात. दुसरी गोष्ट म्हणजे पंखाच्या टोकाला दिलेला पीळ. मॉस्किटोचा पंख टोकाकडे बराच निमुळता होतो. वेग कमी झाल्यावर अशा पंखाचे टोक आधी उचल सोडते आणि विमान अचानक एका कुशीवर पडते. टोकाकडे मागची कड सुमारे दोन अंश वर राहील असा पीळ दिला, तर ही सवय पुष्कळ सौम्य होते. साल चढवण्यापूर्वी मागच्या कडेखाली ठरावीक जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि दोन्ही पंखांना त्याच पट्ट्या वापराव्यात. डाव्या पंखाला दोन अंश आणि उजव्याला एक, असे झाले तर तो दोष कोणत्याही ट्रिमने, म्हणजे रेडिओवरून केलेल्या बारीक दुरुस्तीने, पूर्ण जात नाही.

मोटरी किती शक्तीच्या घ्याव्यात?

युद्धविमानासाठी प्रति किलो सुमारे ३०० वॅट हा हिशेब पुरतो. ३.२ किलोला साधारण १,००० वॅट, म्हणजे प्रत्येक मोटरीला ५००. चार सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा नाममात्र दाब १४.८ व्होल्ट असला, तरी भाराखाली तो १४ च्या आसपास धरावा. मग प्रत्येक मोटर सुमारे ३६ अँपिअर घेईल आणि दोन्ही मिळून ७२.

८०० केव्हीच्या आसपासची (इथे केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे), १३० ते १५० ग्रॅम वजनाची मोटर आणि १० बाय ७ इंचांचा तीन पात्यांचा प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, ही जोडी या हिशेबाजवळ बसते. यात १० हा व्यास आणि ७ ही पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे सैद्धांतिक अंतर. फेरे मिनिटाला १०,००० च्या आसपास राहिले, तर ७ इंच पिचचा प्रॉप सैद्धांतिक वेग ताशी सुमारे १०७ किलोमीटर देतो. विमान हवेत तरंगू शकेल असा किमान वेग ताशी ४० च्या आसपास येतो. पिचचा वेग त्याच्या अडीच ते तीन पट असावा, या जुन्या ठोकताळ्यात हे नीट बसते. मूळ विमानाचे प्रॉप सुमारे १२ फूट व्यासाचे होते, म्हणजे प्रमाणात १४ इंचांहून मोठे. उभे ठेवून फोटो काढायला तसे प्रॉप जरूर करावेत. उडवताना गवत आणि जमीन लक्षात घेऊन १० इंचच बरे.

ईएससी ५० अँपिअरची घ्यावी. ४० ची कागदावर पुरते, परंतु नॅसेलमध्ये हवा कमी खेळते आणि आपल्याकडचा मे महिना कागदावर नसतो.

बॅटरी एक असावी की प्रत्येक मोटरीला वेगळी?

एकच. किंवा दोन असल्यास त्या समांतर जोडलेल्या. वेगळ्या बॅटऱ्या ठेवण्यामागचा विचार असा असतो, की एक संपली तरी दुसरी मोटर चालू राहील. पण नेमके तेच आपल्याला नको असते. दोन्ही मोटरी एकदम मंदावल्या तर विमान सरळ तरंगत खाली येते. एकच मंदावली तर ते फिरते. सामाईक बॅटरीमुळे दोन्हींना सतत एकच दाब मिळतो आणि बॅटरी जुनी झाली तरी ती दोघींसाठी सारखीच जुनी होते.

चार सेलची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, नाकात बसते. ७२ अँपिअर म्हणजे तिच्या क्षमतेच्या साडेचौदा पटींहून कमी, तेव्हा खरोखर ३० सी, म्हणजे क्षमतेच्या ३० पट प्रवाह, देणारी बॅटरी पुरते. पूर्ण थ्रॉटलवर ती तीन-सव्वातीन मिनिटांत ८० टक्के रिकामी होईल, पण नेहमीच्या उड्डाणात सरासरी ३० अँपिअर धरले तर आठ मिनिटे मिळतात. घड्याळ सहा मिनिटांवर लावावे. मुख्य जोडणीला एक्सटी ६० ऐवजी एक्सटी ९० वापरावा, कारण पहिल्याची मर्यादा नावातच लिहिलेली आहे.

बॅटरी नाकात आणि मोटरी पंखात. मग वायर कोणत्या बाजूची वाढवावी?

हा प्रश्न जितका साधा दिसतो तितका नाही, आणि यात बऱ्याच ईएससी जळतात. ईएससी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. बॅटरीपासून ईएससीपर्यंतची वायर लांबली, की त्या वायरीतील प्रेरकत्वामुळे प्रत्येक तोडणीला दाबाचा एक झटका उसळतो, आणि तो ईएससीवरील कपॅसिटरला सोसावा लागतो. हे कपॅसिटर म्हणजे ईएससीच्या एका टोकाला दिसणारे छोटे गोल डबे. ते आधी गरम होतात, मग डोक्याकडून फुगतात आणि एक दिवस फुटतात.

उपाय दोन आहेत. ईएससी धडात, बॅटरीजवळ ठेवून मोटरीकडे जाणाऱ्या तीन वायरी वाढवता येतात. तसे केल्यास त्या तीन वायरींची लांबी सारखी ठेवावी आणि त्या वेणीसारख्या हलक्या गुंफाव्यात, आणि ईएससीला धडात हवा मिळेल याची वेगळी सोय करावी. मॉस्किटोमध्ये मला दुसरा उपाय आवडतो: ईएससी पंखातच, नॅसेलजवळ ठेवायची आणि बॅटरीच्या बाजूची वायर वाढवायची, पण दर १० सेंटीमीटर जादा लांबीमागे ईएससीच्या अगदी जवळ, लाल आणि काळ्या वायरींमध्ये, कमी अंतर्गत रोधाचा २२० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा एक कपॅसिटर झाळायचा. धन आणि ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत. कपॅसिटरच्या अंगावरील पट्टा ऋण बाजू दाखवतो.

दुसरा उपाय आवडण्याचे कारण मूळ विमानातच आहे. मॉस्किटोचे रेडिएटर धड आणि इंजिन यांच्यामधील पंखाच्या पुढच्या कडेत होते आणि त्यासाठी तो भाग पुढे काढलेला होता. प्रतिकृतीत ही फट खरी उघडी ठेवली, तर हवा सरळ ईएससीवरून जाते. बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दीडपट तरी मोठी हवी. गरम हवेला जायला जागा नसेल, तर पुढची फट फक्त शोभेची ठरते.

दोन्ही ईएससींना बीईसी (रिसिव्हरला कमी दाबाची वीज पुरवणारा भाग) आहे. दोन्ही रिसिव्हरला जोडाव्यात का?

नाही. दोन्ही थ्रॉटल वायरींमधील लाल तारेची पिन अलगद काढून टेप लावून ठेवावी आणि रिसिव्हर व सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना स्वतंत्र बीईसीने वीज द्यावी. दोन एलरॉन, दोन फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या पट्ट्या), एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा भाग) आणि चाके यांचा भार एकत्र धरला, तर ५ अँपिअर किंवा अधिकची बीईसी योग्य ठरते.

दोन मोटरी सारख्या चालतात हे कसे तपासावे?

दोन्ही मोटरी, ईएससी आणि प्रॉप एकाच ब्रँडचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. एक ईएससी जळाली तर दुसऱ्या ब्रँडची शेजारी बसवू नये, मग ती कितीही चांगली असो. त्यानंतर दोन्ही ईएससींची सर्व सेटिंग, विशेषतः टायमिंग, ब्रेक आणि सुरू होण्याचा वेग, एकसारखी करावीत. थ्रॉटलच्या हद्दी प्रत्येक ईएससीला स्वतंत्रपणे, एकेक करून शिकवाव्यात.

मग विमान घट्ट बांधून, प्रॉपच्या रेषेत कुणी उभे नाही याची खात्री करून, वॉटमीटर आणि फेरे मोजणारा टॅकोमीटर घ्यावा. चौथाई, अर्ध्या आणि पूर्ण थ्रॉटलवर डाव्या व उजव्या मोटरीचे आकडे वहीत लिहावेत. मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांचा फरक चालतो. अधिक फरक असेल तर प्रॉप अदलाबदल करून पाहावे. फरक प्रॉपबरोबर गेला तर दोष प्रॉपचा, जागच्या जागी राहिला तर मोटरीचा, झाळणीचा किंवा ईएससीचा.

कमी दाबाला वीज तोडण्याची सोय, म्हणजे कटऑफ, याबद्दल मला जरा कळकळीने लिहावे लागेल. माझे पहिले दोन मोटरींचे विमान याच सेटिंगने गेले. दोन्ही ईएससी एकाच पिशवीतून आल्या होत्या, म्हणून सेटिंग तपासली नाही. एकीचा कटऑफ "तात्काळ बंद" वर आणि दुसरीचा "हळूहळू कमी" वर होता. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर डावी मोटर गप्प झाली, उजवी चालू राहिली, आणि विमान डावीकडे पाठीवर वळून शेजारच्या ज्वारीत शिरले. ओल्या मातीत रुतलेल्या नॅसेलमधून प्रॉपचा आस बाहेर आला होता आणि दुसऱ्या बाजूचा प्रॉप मात्र जसाच्या तसा, एकही ओरखडा नसलेला. दोन्ही कटऑफ बंद करावेत किंवा दोन्ही "हळूहळू" वर ठेवावेत, आणि घड्याळावर उतरावे.

प्रॉप एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरवावेत का?

मूळ मॉस्किटोचे दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरत आणि उड्डाण घेताना विमान डावीकडे ओढले जाई; वैमानिक डावे इंजिन किंचित पुढे ठेवून ते सावरत. प्रतिकृतीत विद्युत मोटरीची दिशा उलटवणे सोपे आहे, तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झाले. पण उलट फिरणाऱ्या मोटरीला उलट पिळाचाच प्रॉप हवा, आणि त्याचा नट सैल होत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. उलट पिळाचे तीन पात्यांचे प्रॉप मिळत असतील तर अवश्य वापरावेत. धावपट्टीवर विमान पुष्कळ सरळ राहते. न मिळाल्यास अडून बसू नये. उजवा रडर हळूहळू देण्याचा सराव त्यावरचा उपाय आहे.

एक मोटर हवेत बंद पडली तर काय करावे?

थ्रॉटल कमी करावा. हे मनाविरुद्ध वाटते, कारण विमान खाली जाऊ लागल्यावर हात आपोआप थ्रॉटल पुढे ढकलतो, आणि तेवढ्यानेच चालू मोटर विमानाला बंद बाजूकडे फिरवते. थ्रॉटल कमी, नाक किंचित खाली, वेग राखलेला आणि रडर चालू मोटरीच्या बाजूला, इतके झाल्यावर थोडी शक्ती परत देऊन पाहावी. वळायचेच असेल तर चालू मोटरीच्या बाजूला वळावे. उंची कमी असेल तर वळूच नये; समोर जे मोकळे दिसेल तिथे पंख सपाट ठेवून उतरावे.

दोन्ही प्रॉप मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर डावी मोटर बंद पडणे अधिक वाईट. बांधणीच्या वेळीच दोन्ही मोटरींचे तोंड सुमारे दोन अंश बाहेर वळवून ठेवले, तर त्यांच्या ओढ्याची रेषा मागे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या अधिक जवळून जाते आणि हा त्रास थोडा सौम्य होतो. थ्रॉटलसाठी दोन स्वतंत्र चॅनल वापरून रडरबरोबर दोन्ही मोटरींची शक्ती कमी-जास्त करण्याचे मिश्रणही करता येते. जमिनीवर वळायला ते मजेदार आहे. हवेत मात्र ते स्विचवर बंद ठेवावे, असे मी सुचवेन.

गुरुत्वमध्य कुठे ठेवावा?

पहिल्या उड्डाणाला पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ टक्क्यांवर, नंतर फार तर २८ पर्यंत. सरासरी रुंदी इथे २५ ते २७ सेंटीमीटर येते. एक चूक वारंवार होते: रेडिएटरसाठी पुढे काढलेल्या कडेपासून माप घेतले जाते. माप पंखाच्या मूळ आकाराच्या कडेपासून, आराखड्यावर काढून, मगच पंखावर उतरवावे. चाके मागे दुमडत असतील, तर गुरुत्वमध्य चाके दुमडलेल्या स्थितीत तपासावा.

चाके दुमडणारी असावीत का?

मूळ विमानाच्या प्रत्येक मुख्य चाकाला दोन्ही बाजूंनी पाय होते, धक्का शोषण्यासाठी त्या पायांत रबराचे ठोकळे रचलेले असत आणि चाक मागे नॅसेलमध्ये जाई. तशी हुबेहूब रचना करणे हा स्वतंत्र छंद आहे. पहिल्या हंगामात स्थिर पाय लावून उडवावे. दुमडणाऱ्या यंत्रणेची जागा आणि तळ मात्र आधीच बांधून ठेवावे.

ग्लो इंजिने, म्हणजे इंधनावर चालणारी छोटी इंजिने, वापरली तर?

आवाज खरा येतो, हे मान्य. पण ग्लो इंजिनाचा सूर हवेबरोबर, इंधनाबरोबर आणि टाकीच्या पातळीबरोबर बदलतो, आणि दोन इंजिने एकाच वेळी सुरात ठेवणे हे दोन तंबोरे उन्हात जुळवण्यासारखे आहे. वापरायचीच असतील तर दोन्ही सुया सर्वाधिक फेऱ्यांच्या बिंदूपासून दोन-तीनशे फेरे कमी होतील इतक्या सैल ठेवाव्यात, म्हणजे मिश्रण थोडे श्रीमंत (इंधन जास्त असलेले) राहील आणि नाक वर केल्यावर इंजिन गुदमरणार नाही. टाक्या स्वतंत्र, पण उंची सारखी.

मे महिन्यात विमान जड झाल्यासारखे का वाटते?

कारण हवा पातळ झालेली असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे ३८ अंशांच्या दुपारी हवेची घनता प्रमाण मानलेल्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी असते. त्यामुळे किमान वेग ताशी ३८ वरून ४१ च्या घरात जातो, प्रॉपचा ओढाही घटतो, आणि तेच विमान जास्त धावते. सकाळी सात वाजता उडवावे.

परवानगीचे काय?

भारतात ड्रोन नियम, २०२१ मानवरहित विमानांना लागू होतात आणि २५ किलोपर्यंतची, नजरेच्या टप्प्यात करमणूक किंवा शिक्षणासाठी उडवलेली प्रतिकृती-विमाने त्यांत वेगळी ओळखली जातात. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मैदान कोणत्या क्षेत्रात येते, हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहावे. पुणे, नाशिक किंवा नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे हवाई दलाचे तळ आहेत, तिथे हे पाहणे विसरू नये. जमिनीच्या मालकाची संमती हा वेगळा विषय आहे.

बॅटरी घरी आणि प्रवासात कशी ठेवावी?

प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, धातूच्या डब्यात, पण डबा हवाबंद न करता. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवू नये आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही. भरताना ५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. या बॅटरीची ऊर्जा ७४ वॉट-तास आहे, म्हणजे प्रवासी विमानातील १०० वॉट-तासांच्या नेहमीच्या मर्यादेत. ती हातातील सामानातच न्यावी लागते, टोके झाकून.

पहिले उड्डाण झाल्यावर लगेच काय पाहावे?

बॅटरी काढावी आणि मग दोन्ही मोटरींना एकाच वेळी, दोन हातांनी, स्पर्श करावा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. एक कोमट आणि दुसरी हात ठेववणार नाही इतकी गरम असेल, तर विमान कितीही छान उडाले असले तरी दुसरे उड्डाण करू नये. गरम बाजूचा प्रॉप काढून आस हाताने फिरवून पाहावा, मग बुलेट कनेक्टरची झाळणी आणि शेवटी ईएससीवरील कपॅसिटर. सेलांचा दाब मोजावा: काही मिनिटे विसावल्यानंतर प्रत्येकी ३.७ व्होल्टच्या वर असेल, तर सहा मिनिटांचे घड्याळ बरोबर आहे. नंतर दोन्ही स्पिनर (प्रॉपच्या मधोमध बसणाऱ्या टोप्या) हलवून पाहावेत, विशेषतः उलट फिरणाऱ्या बाजूचा, आणि वहीत कालच्या फेऱ्यांच्या आकड्यांशेजारी आजची तारीख टाकावी.